दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास

मी, खाली सही करणारी, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहणारी, कीबोर्ड वाजवून पोट भरलेली विधवा बाई, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द वकीलबाईंनी घालायला लावला. खुशी म्हणावी असे आत काही नाही, पण नाखुशीही नाही, म्हणून मी तो राहू दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे एखादे सापडलेच, तर ते माझे नाही असे समजावे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आपणच देणार, असा हट्ट आमच्या शनिवारच्या गाण्याच्या मंडळातल्या दंतवैद्यांनी धरला होता. मी त्यांना म्हटले, “तुम्ही फार तर माझे दात शाबूत आहेत एवढंच लिहू शकाल.” ते म्हणाले, “तेही खोटंच होईल, बाई.” शेवटी नेहमीच्या डॉक्टरांकडून आणला.

माझ्या मागे माझा एकुलता एक मुलगा आहे. तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो, संगणकात हुशार आहे, दर रविवारी सकाळी न चुकता फोन करतो आणि सकाळीच ‘जेवलीस का’ असे विचारतो. माझे यजमान वारले. त्यांचा उल्लेख यापुढे ‘हे’ असा केला आहे, कारण हयातीतही मी त्यांना तेच म्हणत आले. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याच्या कागदात असे चालत नाही. मी म्हटले, घरात चालले ते कागदात चालवून घ्या.

हे गायक होते. मोठे नव्हेत. एका हॉटेलच्या जेवणघरात हे गात, मी कीबोर्ड वाजवी आणि लोक जेवत. आमच्या तरुणपणी गाजलेली सगळी गाणी ह्यांच्या गळ्यात बसलेली होती. मग त्याच गळ्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढावे लागले. त्यानंतर हे मानेला पुढून पाडलेल्या छिद्रातून श्वास घेत आणि बोलायचे ते पाटीवर लिहीत. हॉटेलवाल्याने फुलांचा गुच्छ पाठवला आणि आमच्या जागी मोठा टीव्ही लावला.

घर चालायला हवे होते, म्हणून मी ट्रॅक करायला लागले. ट्रॅक म्हणजे असे गाणे, ज्यात सगळे असते, फक्त गाणारा नसतो; लावणाऱ्याने त्यावर स्वतः गायचे. जुनी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकायची, कोणते वाद्य कुठे काय करते ते कानाने उचलायचे, सगळे नव्याने वाजवायचे आणि गाणाऱ्याची जागा मोकळी सोडायची. आमच्या घरात ती जागा आधीच मोकळी झालेली होती, त्यामुळे काम अवघड गेले नाही.

आता वाटणी.

कलम पहिले. लाँड्रीच्या वरचे हे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रेकॉर्डिंगची मागची खोली, मी माझ्या मुलाला देते. मागच्या खोलीच्या भिंतींवर अंड्यांचे खोके चिकटवलेले आहेत आणि त्यांवर रजया टांगलेल्या आहेत. सून म्हणते, ते काढले की खोली चांगली मोठी दिसेल. तिचे बरोबर आहे. खुशाल काढावे. खोक्यांमागे भिंतीला ओल आहे. रंगाऱ्याला आधी दाखवावी, नाहीतर रंगाचा पैसा पाण्यात जाईल.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते मुलाचे आणि सुनेचे, निम्मे निम्मे. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही, म्हणून कलमही छोटे ठेवले आहे.

कलम तिसरे. दर शनिवारी दुपारी मागच्या खोलीत आमचे मंडळ जमते. त्याला नाव नाही, नोंदणी नाही. या मंडळींविषयी मला मनातले लिहायचे आहे, कारण तोंडावर बोलले तर ते हसतात आणि पुढचे गाणे लावा म्हणतात.

ही माणसे गाण्यांवर प्रेम करतात असे म्हणता येणार नाही. मूळ रेकॉर्ड लावली तर गप्पा मारतात. त्याच गाण्याचा ट्रॅक लावला की शाळेत साहेब आल्यासारखी ताठ बसतात. इंटरनेटवर माझे ट्रॅक ऐकणारे बाहेरगावचे चाहते तर त्याहून वरताण. एकाने लिहिले, मूळ रेकॉर्डमध्ये खंजिरी डाव्या कानात वाजते, तुमच्याकडे उजव्या कानात कशी आली? मी हेडफोन लावून पाहिले, तर मीच हेडफोन उलटे घालत होते. एक जण लिहितो की तो माझे ट्रॅक लावतो आणि गात नाही, नुसता इस्त्री करतो. त्याच्या मते गाणारा बाजूला झाला की मागे किती माणसे काम करत होती ते कळते. एकीने आपल्या लग्नातला पहिला नाच माझ्या ट्रॅकवर केला आणि मला फोटो पाठवला. सगळ्यांच्या लिहिण्यात तोच आनंद असतो: गाणारा नाही, वा! पहिली काही वर्षे मला त्या आनंदाचा संताप येई. आतल्या खोलीत माझा गाणारा पाटीवर खडूने ‘मीठ कमी आहे’ असे लिहीत होता, आणि इकडे गाणारा नसल्याबद्दल जगभरातून माझे अभिनंदन होत होते. पुढे संतापही येईनासा झाला.

मंडळाला मी खुर्च्या, दोन माइक आणि मोठे स्पीकर देते. जागा त्यांनी शोधावी. मुलाने त्यांना मागची खोली वापरू दिली तर त्याचा मोठेपणा, नाही दिली तर रुसू नये. दंतवैद्यांना वेगळे काही ठेवलेले नाही. प्रत्येक गाणे ‘दोन सूर खाली करून द्या’ म्हणून त्यांनी मला इतकी वर्षे पिडले आहे, आणि खाली करून दिल्यावरही ते आपल्या जुन्या पट्टीतच गातात. शिवाय साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून मी त्यांना मुद्दाम साक्षीदार केले आहे.

दुसरे साक्षीदार खालचे लाँड्रीवाले. इतकी वर्षे आमचे सगळे छतातून ऐकूनही त्यांना एकही गाणे आवडलेले नाही. असा निःपक्षपाती माणूस शोधून सापडणार नाही. त्यांनाही मला काही देता येत नाही, पण माझ्या पश्चात त्यांना शांतता मिळेल.

कलम चौथे. कीबोर्ड, त्याचा स्टँड आणि चांगले हेडफोन मंडळातल्या शिंपीणबाईंना. भिंतीवरच्या रजया त्यांनीच शिवून दिल्या आणि शिलाई घेतली नाही. त्यांना कीबोर्ड येत नाही. शिकतील. मशीनवर पाय मारता मारता त्या जो ताल धरतात, तो आमच्या कोणाहीपेक्षा पक्का आहे.

कलम पाचवे. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, त्यांच्याविषयी.

भावजी ॲकॉर्डियन वाजवतात आणि चांगले वाजवतात, हे मी कबूल करते. माझ्या कितीतरी ट्रॅकवर त्यांचा हात आहे. त्यांतला एक ट्रॅक सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळात आम्ही त्याला ‘खिडकीचं गाणं’ म्हणतो, कारण मूळ गाण्यात गाणारा कोणाला तरी खिडकी उघडी ठेवायला सांगत असतो. माझ्या इतर सगळ्या ट्रॅकना मिळून जेवढे चाहते आहेत, तेवढे त्या एकट्याला आहेत. कारण दुसऱ्या कडव्याआधी, ॲकॉर्डियनचा लांब सूर विरत असताना, त्यात एक बारीक आवाज येतो. किंचित शिटीसारखा, आत ओढलेला. तो आला की नेमके पुढच्या ठोक्याला शब्द सुरू होतो. मूळ गाण्यात ती जागा फार फसवी आहे, भलेभले तिथे चुकतात. माझ्या ट्रॅकवर कोणी चुकत नाही.

त्या आवाजावर चाहत्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. काहींच्या मते तो पंखा आहे. काही म्हणतात मी युक्तीने खिडकी सरकवल्याचा आवाज घातला. गाणेच खिडकीचे, त्यामुळे हे मत फार लोकप्रिय आहे. भावजी मात्र सगळीकडे सांगत फिरतात की तो त्यांच्या भात्याचा आवाज आहे. “वहिनी, भाता असा ओढायलासुद्धा कसब लागतं हो,” असे ते मलाही ऐकवतात. मी आजवर हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मुलाच्या लग्नात त्यांनी वरमाई म्हणून माझ्याऐवजी स्वतःच्या बायकोला पुढे केले, तेव्हाही मी काही म्हटले नव्हते.

भावजींना मी ॲकॉर्डियन ठेवायची रिकामी पेटी देते, जी मुळात त्यांचीच असून आमच्या माळ्यावर पडली आहे. सोबत एवढे कळवते की तो आवाज भात्याचा नाही.

कलम सहावे. ह्यांची पाटी मुलाला. तिच्यावर ह्यांनी शेवटचे लिहिलेले अजून तसेच आहे: ‘नळ नीट बंद कर.’ लोक विचारतात, शेवटचे शब्द काय होते. मी सांगते, नळाविषयी होते.

हे गेले त्या दिवशी दुपारी सगळी माणसे परतल्यावर मी मागच्या खोलीत गेले आणि दंतवैद्यांचा एक ट्रॅक राहिला होता, तो दोन सूर खाली करून टाकला. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर नव्हता. काहीच नव्हते. हात काम करत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. आजही बरेचसे तसेच आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, शुद्धीवर असल्याचा पुरावा म्हणून लिहिते.

कलम सातवे. माझे अंत्यविधी साधे करावेत. भाषण नको. मंडळाला गाऊ द्यावे, नाहीतर ते कुढत बसतील.

कलम आठवे आणि शेवटचे. माझी सगळी मूळ रेकॉर्डिंग, मागच्या खोलीतला जुना रेकॉर्डर, आणि ज्या पानावर लोक हे ट्रॅक ऐकतात ते इंटरनेटवरचे पान, हे सगळे मी माझ्या मुलाला देते. यापुढचे मी त्याच्याशीच बोलणार आहे. वकीलबाईंनी हरकत घेतली. मी म्हटले, इतका वेळ कायद्याशी बोलले, आता मुलाशी बोलू द्या.

बाळा, तू गेल्या सुट्टीत आलास तेव्हा माझ्यासाठी एक भेट आणली होतीस. खिडकीचा ट्रॅक तुझ्या नव्या सॉफ्टवेअरमधून स्वच्छ करून आणला होतास. “आई, ती शिटी काढून टाकली बघ. आता एकदम चकाचक.” किती हौसेने म्हणालास. शनिवार होता, मंडळ जमलेले होते. तू तो लावलास आणि दंतवैद्य गायला उभे राहिले.

पहिले कडवे नीट गेले. दुसऱ्याला ते उशिरा शिरले. पुन्हा लावले, तर लवकर शिरले. शिंपीणबाई उठल्या, ज्यांचा ताल कधी हलत नाही, आणि त्याही तोंड उघडून नुसत्या उभ्या राहिल्या. भावजींनी ॲकॉर्डियन घेऊन वाजवून दाखवतो म्हटले, तेही चुकले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दंतवैद्य माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, यातनं काहीतरी गेलंय.”

तू म्हणालास, “काही गेलं नाही, काका. फक्त खरखर काढली.”

तेव्हा मला काही वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीत काहीतरी सरकले आणि दुखले. मी खुर्चीचा हात धरून बसले आणि म्हटले, “चहा ठेवते.” आत जाऊन गॅस पेटवला आणि ओट्याशी रडले. तुम्हाला वाटले मी चहाला वेळ लावते आहे.

ती खरखर तुझ्या बाबांची आहे.

त्या दिवशी भावजी वाजवत होते आणि हे नेहमीसारखे रेकॉर्डरपाशी, माइकच्या अगदी जवळ बसले होते. ह्यांचा आवाज गेला, पण गाणाऱ्याची सवय गेली नव्हती. कडवे यायच्या आधी हे श्वास भरून घेत, मानेतून. प्रत्येक गाण्यात घेत. घेऊन झाला की ओठ हलत आणि बाहेर काही येत नसे. माझ्या कामात असले आवाज कापून टाकायचे असतात, ते मी कापत असे. त्याचे मला काही वाटत नसे, ह्यांनाही नाही. खिडकीच्या गाण्यात तो श्वास ॲकॉर्डियनच्या सुरावर पडला. कापला असता तर सूरही तुटला असता. मी ह्यांना ऐकवला. ह्यांनी दोनदा ऐकला आणि पाटीवर लिहिले, ‘एन्ट्री बरोबर आहे.’ मग हसले. ह्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, ते तुला आठवत असेल.

म्हणून तो राहिला. आणि बघ, कुठकुठली माणसे त्याच्यावर पाऊल ठेवून गाण्यात शिरतात. एकाने लिहिले होते, मी बोलताना अडखळतो, मला कोणतेच वाक्य सुरू करता येत नाही, पण त्या आवाजामागोमाग माझा शब्द आपोआप निघतो. तो आवाज कसला आहे हे कृपा करून सांगा. मी त्याला उत्तर दिले नाही. तुला सांगायच्या आधी परक्याला सांगणे बरे वाटले नाही.

आणि तुला का सांगितले नाही? लहान असताना एकदा तुझा मित्र जिन्यात उभा होता. त्याने विचारले, आतून कसला आवाज येतोय? तू म्हणालास, “मोटर चालू आहे.” बाबा दाराआडच होते. ह्यांनी पाटीवर लिहून मला दाखवले, ‘मोटर बंद करू?’ आणि तसेच हसले. ह्यांना राग आला नव्हता, बाळा. मलाही नाही. लहान मुलाला लाज वाटते, त्यात काय. पण त्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगितले असते, तर तुला तो जिना आठवला असता, आणि आपण काय पुसून आलो तेही कळले असते. तुझे ते तोंड मला बघवले नसते. कागदावर लिहिताना बघावे लागत नाही. एवढ्यासाठी हे मृत्युपत्र. बाकीची कलमे वकीलबाईंसाठी आहेत.

तू म्हणाला होतास, सगळे ट्रॅक असेच स्वच्छ करून पानावर चढवतो आणि जुना रेकॉर्डर भंगारात देतो. मी म्हटले, “मी असेपर्यंत थांब.” तू थांबलास. आता मी नाही.

वकीलबाई म्हणाल्या, मनाई लिहा. हा ट्रॅक बदलला तर घर मिळणार नाही, अशी अट घाला. मी नको म्हटले. घराच्या भीतीने राखलेला श्वास मला नको आहे, आणि ह्यांनाही नको असता. सगळे तुझे आहे. पुसायचे असेल तर पूस, तुला पूर्ण अधिकार आहे. अट नाही, नुसते सांगणे आहे: पुसायच्या आधी एकदा मागच्या खोलीत बस. खोके, रजया काढायच्या आधी. दार लावून घे. रेकॉर्डरवर मूळ ट्रॅक लाव. पहिले कडवे जाऊ दे. भावजींचा सूर लांबेल, विरत जाईल, आणि मग बाबा श्वास घेतील.

लगेच गा. बेसूर झाले तरी चालेल, खाली लाँड्रीवाल्यांना सवय आहे. श्वास ह्यांनी तुझ्यासाठी भरून ठेवला आहे. सोडायचा तेवढा राहिला आहे.

येणेप्रमाणे लिहिलेले मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खाली सही केली आहे.

(सही)
मृत्युपत्र करणारी

वरील बाईंनी आमच्यादेखत स्वतःच्या हाताने सही केली. आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार १ (सही): दंतवैद्य
साक्षीदार २ (सही): तळमजल्यावरचे लाँड्रीवाले

स्थळ: लाँड्रीच्या वरची मागची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच, वार शनिवार